शिरेच्या शोधात गेलेली मिनिटे

आकडी आलेले, डोळे फिरविलेले, तापाने अंग भाजत असलेले दीड-दोन वर्षांचे मूल जेव्हा रुग्णालयाच्या दारात आणले जाते, तेव्हा तेथील डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न कोणते औषध द्यावे हा क्वचितच असतो. औषध ठाऊक असते, कपाटात असते, वजनाच्या मानाने त्याची मात्राही ठरलेली असते. खरा प्रश्न असतो तो हे औषध त्या चिमुकल्या देहात कोणत्या वाटेने न्यावयाचे हा. आपल्या वैद्यकीय शिक्षणाने, आणि त्याहूनही अधिक आपल्या रुग्णालयांच्या रूढ शिरस्त्याने, या प्रश्नाचे एकच उत्तर पिढ्यानपिढ्या पढविले आहे: शीर शोधा, तिच्यात इंट्राकॅथची नळी लावा, आणि मग औषध सोडा. प्रौढ माणसाच्या बाबतीत हे उत्तर बहुधा निर्वेध ठरते. लहान मुलाच्या बाबतीत मात्र त्यात अनेकदा इतका वेळ खर्ची पडतो की, औषध पोचेपर्यंत त्याचे कार्यच अधिक दुष्कर होऊन बसते. आणि म्हणून, निदान आकडी आणि तीव्र वेदना या दोन संकटांपुरते तरी, ज्या मुलाला आधीपासून शीर लावलेली नाही त्याला पहिले औषध नाकावाटे द्यावे, हाच नियम आपल्या सर्व सरकारी व खाजगी रुग्णालयांनी आता स्वीकारला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी बालरोग विभागात थोडाफार काळ काढला आहे त्यांना शीर शोधण्याचा तो खटाटोप वर्णन करून सांगावयास नको. बाळसेदार मुलाच्या मनगटावर चरबीच्या थराखाली शीर दिसत नाही; जुलाबांनी सुकलेल्या मुलाची शीर दिसली तरी सुई लागताच ती मिटून जाते; आणि आकडीमुळे ज्याचा हात क्षणाक्षणाला ओढला जात आहे त्याच्या हातात सुई स्थिर ठेवणे हे अनुभवी सिस्टरच्याही कसबाची परीक्षा घेणारे काम असते. एक हात झाला की दुसरा, मग पाय, मग तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची शीर, असा हा शोध चालू असतो. दाराशी उभे असलेले आईबाप प्रत्येक टोचणीसरशी आपल्या अंगावर वार झेलल्यासारखे कळवळतात. आणि या सर्व काळात मुलाची आकडी मात्र चालूच असते. यात दोष कोणा एका डॉक्टरचा अथवा परिचारिकेचा नाही. ती माणसे जिवाचे रान करीत असतात. दोष त्या क्रमाचा आहे, ज्यात शीर सापडणे ही उपचाराची पूर्वअट मानली गेली आहे.

आकडीच्या बाबतीत वेळेचे इतके मोल का, हे सामान्य वाचकानेही समजून घेण्यासारखे आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरांपैकी दोन ते पाच मुलांना केव्हातरी तापामुळे आकडी येते, आणि त्यांपैकी बहुतेकांची आकडी काही मिनिटांत आपोआप, मागे कोणतीही हानी न ठेवता, थांबते. त्या मुलांना औषधाची गरज पडत नाही, गरज असते ती कुशीवर वळवून ठेवण्याची, तोंडातली लाळ बाहेर वाहू देण्याची आणि घड्याळाकडे पाहण्याची. परंतु जी आकडी पाच मिनिटे उलटूनही थांबत नाही, ती आपण होऊन थांबण्याचा संभव दर मिनिटागणिक घटत जातो. पूर्वी अर्धा तास चाललेल्या आकडीलाच वैद्यकशास्त्र दीर्घ, अनावर आकडी म्हणत असे. अपस्माराचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या नव्या व्याख्येत, सर्वांगाला झटके देणाऱ्या आकडीसाठी, उपचार सुरू करण्याची सीमा पाच मिनिटांवर आणून ठेवली आहे. यामागे मेंदूतील एक प्रक्रिया आहे. मिडाझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही आकडी थांबविणारी औषधे मज्जापेशींच्या पृष्ठभागावरील ज्या ग्राहकांना धरून कार्य करतात, ते ग्राहक आकडी लांबत जाईल तसतसे पेशीच्या आत ओढले जातात, आणि औषधाला धरावयास जागाच उरत नाही. सबब तीच मात्रा पाचव्या मिनिटाला जे साधते ते पंचविसाव्या मिनिटाला साधू शकत नाही.

नाकाच्या आतील श्लेष्मल त्वचा ही पातळ, विस्तीर्ण आणि रक्तवाहिन्यांनी अत्यंत समृद्ध असते. तिच्यावर योग्य औषध सूक्ष्म तुषारांच्या रूपाने पडले, तर ते काही मिनिटांत सरळ रक्तात उतरते, आणि पोटात घेतलेल्या औषधाप्रमाणे आधी यकृतात जाऊन त्याचा मोठा हिस्सा तेथेच निष्प्रभ होण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. ना सुई, ना शीर, ना हात धरून ठेवण्यासाठी चार माणसे. गुदद्वारावाटे डायझेपाम देण्याची रीत अनेक वर्षे प्रचारात आहे आणि तिने पुष्कळ मुलांना तारले आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण शाळेत, एसटीत, लग्नघरात दहा वर्षांच्या मुलीला ते औषध देताना तिची जी लज्जास्पद अवस्था होते तिचा विचार केला, तर नाकाची वाट किती माणुसकीची आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

या वाटेची परीक्षा झालेली आहे, आणि ती आपल्याच देशातही झाली आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते. इस्रायलमधील डॉक्टरांनी तापाच्या आकडीची 47 मुले अभ्यासून 2000 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये असे दाखवून दिले की, रुग्णालयात आल्यापासून आकडी थांबेपर्यंत नाकातून मिडाझोलाम दिलेल्या मुलांना सरासरी सहा मिनिटे लागली, तर शिरेतून डायझेपाम दिलेल्यांना आठ. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील 141 मुलांवर केलेला आणि 2011 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास लोराझेपाम या औषधाचा होता. त्यात शिरेतून औषध मिळालेल्या शंभरांपैकी 80 मुलांची आणि नाकातून मिळालेल्या शंभरांपैकी 83 मुलांची आकडी दहा मिनिटांच्या आत थांबली. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो 2013 साली प्रसिद्ध झालेला मुंबईचा अभ्यास. त्यात 50 मुले होती. शिरेतील औषध एकदा आत गेल्यावर किंचित लवकर काम करते, हे त्यातही दिसले. परंतु मूल रुग्णालयात पोचल्यापासून औषध प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत नाकाच्या वाटेने साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ लागला, आणि शिरेच्या वाटेने सुमारे 14 मिनिटे. ही दहा-साडेदहा मिनिटे निष्णात हातांच्या, सुसज्ज अशा महानगरातील रुग्णालयात गेली आहेत. मग गडचिरोलीच्या अथवा अक्कलकुव्याच्या दुर्गम भागात, जेथे रात्री एकच सिस्टर कामावर आहे आणि दिव्याचा प्रकाशही मंद आहे, तेथे किती जात असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता, नाकावाटे औषध देणे म्हणजे कुपी फोडून पिचकारीने नाकात ओतणे नव्हे, हे तितक्याच आग्रहाने सांगितले पाहिजे. कारण या उपचाराची बदनामी जेथे झाली आहे तेथे ती बहुतेक अशा ओतण्यानेच झाली आहे. एका नाकपुडीत पाव मिलिलिटरच्या आसपास औषध उत्तम शोषले जाते; एक मिलिलिटरच्या पुढे गेले की ते घशात उतरते, मूल ते गिळते अथवा त्याला ठसका लागतो, आणि नाकाच्या वाटेचा सारा लाभ नाहीसा होतो. याकरिता औषध तीव्र असावे लागते, आणि येथेच आपल्या भांडारांतील एक क्षुल्लक दिसणारी बाब निर्णायक ठरते. मिडाझोलामच्या कुप्या एका मिलिलिटरमागे 1 मिलिग्रॅम आणि 5 मिलिग्रॅम अशा दोन्ही तीव्रतांच्या मिळतात. दहा किलो वजनाच्या मुलाला लागणारी 2 मिलिग्रॅमची मात्रा दुसऱ्या प्रकारच्या कुपीतून 0.4 मिलिलिटरमध्ये भरते, म्हणजे प्रत्येक नाकपुडीत 0.2 मिलिलिटर, अगदी हवे तेवढेच. पहिल्या प्रकारच्या कुपीतून तीच मात्रा 2 मिलिलिटर होते, आणि ती नाकातून नीट शोषली जाणे कठीण असते. खरेदीचा कागद तयार करणाऱ्या कारकुनाने केवळ ‘मिडाझोलाम’ असे लिहून मंजुरी घेतली आणि चुकीच्या तीव्रतेच्या कुप्या आल्या, तर औषध असूनही नसल्यासारखेच.

दुसरी आवश्यक वस्तू म्हणजे पिचकारीच्या टोकाला बसविण्याचे तुषारयंत्र. ते एक छोटेसे, मऊ, शंकूच्या आकाराचे टोक असून नाकपुडीत घट्ट बसते. दट्ट्या झटक्याने दाबला की औषधाचे अतिसूक्ष्म तुषार होऊन ते आतील त्वचेवर दूरवर पसरतात. त्याचा रोख नाकाच्या बाहेरच्या बाजूस, त्याच अंगाच्या कानाच्या वरच्या टोकाकडे ठेवावा लागतो. नाक शेंबडाने भरलेले असेल तर ते आधी ओढून साफ करावे लागते. आणि यंत्राच्या पोकळीत जे थोडे औषध अडकून राहते ते धरून मात्रा भरावी लागते. ज्यांच्या घरी अपस्माराचे मूल आहे त्यांच्यासाठी एका दाबात ठरावीक मात्रा सोडणारा मिडाझोलामचा तयार फवाराही आपल्या बाजारात मिळतो. हे सारे शिकावयास एखादी दुपार पुरे. पण ती दुपार कोणी राखून ठेवीत नाही.

वेदनेच्या बाबतीत आपली अनास्था याहूनही अधिक खोल आहे, आणि तिच्यामागे एक जुना, निर्दय समज आहे. अगदी 1980 च्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांना मोठ्यांसारखी वेदना होत नाही, असे प्रगत देशांतील डॉक्टरही मानीत, आणि नवजात बालकांच्या शस्त्रक्रिया कित्येकदा पुरेशा भुलीवाचून होत. तो समज ज्यांनी शास्त्रीय पुराव्याने मोडून काढला त्यांत भारतात जन्मलेले डॉ. कंवलजीत आनंद हे अग्रणी होते, आणि 1987 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील त्यांच्या निबंधाने नवजात शिशूही वेदना भोगतो हे निर्विवाद सिद्ध केले. परंतु ग्रंथातील सिद्धांत रुग्णशय्येपाशी उतरण्यास फार काळ लागतो. झाडावरून पडून कोपराचे हाड मोडलेले आठ वर्षांचे मूल आजही आपल्याकडे क्ष-किरणाच्या खोलीबाहेर, त्या मोडलेल्या हाताला दुसऱ्या हाताने आधार देऊन, तासन्‌तास बसलेले दिसते. ‘आधी फोटो काढू, मग बघू’ असे त्याला सांगितले जाते, आणि फोटोसाठी हात सरळ करताना त्याने फोडलेली किंकाळी ही अपरिहार्यच आहे असे सारे जण धरून चालतात. ती अपरिहार्य नाही. ऑस्ट्रेलियात 67 मुलांवर करण्यात आलेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोडलेल्या हाडांच्या वेदनेवर नाकातून दिलेले फेंटानिल हे शिरेतून दिलेल्या मॉर्फिनच्या तोडीस तोड ठरले. फेंटानिल चालत नसेल तेथे केटामाइनही नाकातून देता येते, आणि त्याचीही परीक्षा झालेली आहे. वेदना आधी शमली तर शीर नंतर शांतपणे लावता येते, फोटो नीट निघतो, आणि मुलाच्या मनात रुग्णालयाविषयी जन्मभराचे भय घर करून बसत नाही.

अन्य औषधेही या वाटेवर येत आहेत. मधुमेही मुलाची साखर धोकादायकरीत्या खाली जाते तेव्हा नाकातून फुंकावयाच्या ग्लुकॅगॉनच्या भुकटीला अमेरिकेत 2019 साली मान्यता मिळाली, आणि जीवघेण्या अ‍ॅलर्जीवरील अ‍ॅड्रेनालिनच्या नाकातील फवाऱ्याला 2024 साली. ही महाग औषधे आपल्या खेड्यांपर्यंत केव्हा पोचतील तेव्हा पोचोत. माझा आग्रह आज उपलब्ध असलेल्या, स्वस्त आणि परिचित औषधांपुरताच आहे.

नाकावाटे औषध ही तर आपल्या नस्यकर्माचीच विद्या, असे अभिमानाने म्हणणारे पुष्कळ भेटतात. आयुर्वेदाने नाक हे मस्तकाचे द्वार मानले हे खरेच आहे. परंतु त्याच परंपरेतील अष्टांगहृदयाने सात वर्षांखालील मुलाला नस्य देऊ नये असाही दंडक घालून दिला आहे, आणि ती सावधगिरी आपल्या घरांतून मात्र विसरली गेली आहे. तान्ह्या बाळाच्या नाकात न्हाणीघरात तेलाचे थेंब सोडण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे. ते तेल खोकला न येता हळूहळू फुप्फुसांत उतरते आणि तेथे साचून एक प्रकारचा चिवट न्यूमोनिया उत्पन्न करते, जो महिनोन्‌महिने बरा होत नाही. नाकातून शोषले जाणारे, मोजून दिलेले, तुषाररूप औषध वेगळे आणि हे तेल वेगळे. पहिल्याचा पुरस्कार करताना दुसऱ्याचा निषेध केला नाही, तर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. आकडी आलेल्या मुलाला कांदा अथवा चप्पल हुंगविणे आणि दातखिळी उघडण्यासाठी तोंडात चमचा घालणे हेही असेच थांबले पाहिजे. हुंगविण्यात मिनिटे वाया जातात, चमच्याने दात मोडतात.

वैद्यकीय व्यवसायातूनच घेतला जाणारा गंभीर आक्षेप असा की, मिडाझोलामने श्वास मंदावतो, आणि जेथे श्वासाला आधार देण्याची साधने नाहीत तेथे हे औषध देणे घातक आहे. हा आक्षेप आदराने ऐकला पाहिजे, कारण औषधाने श्वास मंदावू शकतो हे सत्य आहे, आणि म्हणून प्राणवायू, अंबू बॅग व ती वापरता येणारी व्यक्ती जवळ असणे हे रुग्णालयात तरी अनिवार्य मानले पाहिजे. परंतु श्वासाला त्याहून मोठा धोका न थांबलेल्या आकडीचाच असतो. सॅन फ्रान्सिस्कोत प्रौढ रुग्णांवर करण्यात आलेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या गाजलेल्या अभ्यासात, रुग्णवाहिकेत याच वर्गातील औषध मिळालेल्या शंभरांपैकी दहा-अकरा जणांना श्वासाची अथवा रक्ताभिसरणाची अडचण आली, तर निव्वळ निरौषधी द्रव मिळालेल्यांपैकी बावीसहून अधिक जणांना. औषध न देणे हा सुरक्षित पर्याय नाही.

नाकाची वाट सर्वत्र चालते असेही कोणी समजू नये. जुलाबांनी गळून गेलेल्या, हातपाय थंड पडलेल्या मुलाला शिरेतून द्रवच द्यावे लागते. नाकातून रक्त वाहत असेल, चेहऱ्याला मार लागला असेल, तर फवारा निरुपयोगी ठरतो. आणि नाकातील पहिल्या मात्रेने आकडी थांबली नाही तर शीर शोधावीच लागते. मिडाझोलामचे द्रावण आम्लधर्मी असल्याने नाकात झोंबते, त्यामुळे शुद्धीवर असलेले मूल रडते, हेही आईबापांना आधी सांगून ठेवणे बरे.

उरतो प्रश्न अंमलबजावणीचा, आणि तोच सर्वांत बिकट आहे. सपाट प्रदेशात 30,000 आणि डोंगराळ व आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आपला मापदंड आहे. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर धावते आहे. म्हणजे यंत्रणा अस्तित्वात आहे. उणीव आहे ती हुकुमाची. डॉक्टर निवासस्थानाहून येईपर्यंत सिस्टरने थांबावे की औषध द्यावे, याचा स्पष्ट लेखी आदेश नसेल तर ती थांबणार, आणि तिला दोष देता येणार नाही. पण अशा आदेशाला आधार आहे. गरोदर स्त्रीला येणाऱ्या आकडीत मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा एएनएमने, म्हणजे गावपातळीवरील परिचारिकेने, देऊन मग रुग्ण पुढे पाठवावा, अशी मुभा केंद्र सरकारने पूर्वीच दिली आहे. 2014 साली जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळांना जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचाही अधिकार तिला देण्यात आला. जिच्या हाती सुई विश्वासाने दिली, तिच्या हाती नाकातील फवारा देण्यास कोणती हरकत असू शकते? मिडाझोलाम हे शेड्यूल एच-1 मधील औषध आहे, त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते, ही बाब खरी. तो कायदा दुरुपयोगाच्या बंदोबस्तासाठी आहे आणि तो असलाच पाहिजे. नोंदवही ठेवण्याच्या त्रासापायी औषधच न ठेवणे, हा मात्र त्या कायद्याचा अर्थ नव्हे.

ज्यांच्या मुलाला एकदा लांबलेली आकडी येऊन गेली आहे अशा आईबापांनी आपल्या बालरोगतज्ज्ञांना फवाऱ्याविषयी स्वतः विचारावे, तो मुलाला योग्य आहे की नाही हे त्यांच्याकडून ठरवून घ्यावे, मात्रा आणि केव्हा द्यावयाचा ते मराठीत लिहून घ्यावे, आणि त्या चिठ्ठीची एक प्रत वर्गशिक्षकांकडे द्यावी. शाळांनीही अशी चिठ्ठी घेण्यास नकार देऊ नये. आणि राज्याच्या आरोग्य खात्याला माझी विनंती आहे की, एका मिलिलिटरमागे 5 मिलिग्रॅम तीव्रतेच्या मिडाझोलामच्या कुप्या, तुषारयंत्रे, आणि सिस्टरला पाचव्या मिनिटाला डॉक्टरांची वाट न पाहता पहिली मात्रा देण्याची मुभा देणारा लेखी आदेश, या तीन गोष्टींची तजवीज येत्या पावसाळ्यात तापाची साथ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि 108 च्या प्रत्येक रुग्णवाहिकेत करावी.